उतरता येणारे, न येणारे : 'रणांगण' युद्धकादंबरी म्हणून वाचताना

विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये एकही लढाई नाही. तोफा नाहीत, खंदक नाहीत, तलवारी आणि घोडे तर नाहीतच. गोष्ट घडते एका प्रवासी बोटीवर, डेकवर वेळ घालवणाऱ्या माणसांमध्ये. तरीही १९३९ साली, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाला तोंड फुटलं त्याच वर्षी आलेल्या या कादंबरीचं नाव 'रणांगण' आहे.

मराठी पुस्तकांच्या गप्पांमध्ये हिचं नाव निघालं की 'काय प्रेमकथा आहे!' हे वाक्य ठरलेलं असतं. दहा दिवसांचं प्रेम, समुद्र, ताटातूट, पत्रं, मृत्यू. इन्स्टाग्रामवर या पुस्तकाचे जे फोटो फिरतात त्यांच्या मागे हमखास समुद्र किंवा पाऊस असतो. ती प्रेमकथा आहे हे मला मान्यच आहे. पण ती आधी युद्धकादंबरी आहे असं माझं म्हणणं आहे. तशी वाचली की तिच्यातलं प्रेमही वेगळं दिसायला लागतं, थोडं कमी सुंदर आणि बरंच जास्त खरं.

शेवट सांगितल्याशिवाय हा लेख लिहिता येणार नाही. ऐंशीहून जास्त वर्षं जुन्या पुस्तकाला स्पॉइलरचा इशारा द्यायचा म्हणजे जरा अतीच, पण ज्यांना शेवट आधी कळायला नको असेल त्यांनी पुस्तक वाचून परत यावं. लहान आहे, एका रविवारी संपतं.

गोष्ट काय आहे

चक्रधर विध्वंस हा तरुण युरोपातून बोटीने हिंदुस्थानात परत येतोय. मागे त्याचा प्रेमभंग झालेला आहे. उमा नावाच्या मुलीने त्याला नाकारलं आणि त्या दिवसापासून त्याने समस्त स्त्रीजातीवर राग धरला आहे. बोटीवर शिंदे, मन्नान असे हिंदी सहप्रवासी आहेत. आणि आहेत जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू निर्वासित. त्यांच्यातच हॅर्टा आहे. चक्रधर तिच्या जवळ जातो तो आधी गंमत म्हणून, काहीशा सूडाच्या भावनेने. पुढे त्याचं गंमतीपुरतं राहत नाही. हॅर्टाचं तर सुरुवातीपासूनच नव्हतं. मुंबई येते. चक्रधर उतरतो. हॅर्टा त्याच बोटीने पुढे अतिपूर्वेकडे जाते. तिची पत्रं येतात. प्रवास संपण्याआधी ती समुद्रात जीव देते.

एवढीच गोष्ट. सांगणारा स्वतः चक्रधर.

यातलं युद्ध कुठे आहे? मराठीत युद्धावरची कादंबरी म्हटलं की डोळ्यांसमोर विश्वास पाटलांचं 'पानिपत' येतं. १९८८मध्ये आलेल्या त्या कादंबरीत युद्धाला तारीख आहे, १४ जानेवारी १७६१. मैदान आहे, सेनापती आहेत, उपाशी छावणी आहे, दोन बाजू आहेत. कोण आपलं आणि कोण परकं हे पहिल्यापासून ठाऊक असतं. बेडेकरांनी यातलं काहीच घेतलं नाही. त्यांचं युद्ध आपलं नाही, भूतकाळातलं नाही आणि पुस्तक छापायला गेलं तेव्हा ते कुठवर जाणार हे कुणालाच माहीत नव्हतं. पानिपतावर लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. १९३९मध्ये ज्यू निर्वासितांवर लिहिणाऱ्याला छळछावण्यांमधली गॅसची कोठडी ठाऊक नव्हती. आज आपण हॅर्टाकडे बघतो तेव्हा साठ लाख हा आकडा आपल्या डोक्यात असतो, बेडेकरांच्या डोक्यात तो असणं शक्यच नव्हतं. त्यांच्यासमोर फक्त बोटीवरची माणसं होती. त्या माणसांवरून युद्धाची जात त्यांनी ओळखली. या युद्धात सैनिक समोरासमोर यायच्या आधीच काही माणसांना जगाच्या नकाशावरून पुसायला सुरुवात झाली होती.

कागदाचं हत्यार

या पुसण्याची पद्धत समजून घेतली तर कादंबरीची रचना उलगडते, म्हणून थोडा इतिहास.

१९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी जर्मनीतल्या ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं. जुलै १९३८मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ या गावी ३२ देशांचे प्रतिनिधी या निर्वासितांचं काय करायचं ते ठरवायला जमले. बहुतेकांनी सहानुभूती दाखवली आणि दारं लावून घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ज्यूंच्या पासपोर्टवर लाल 'जे' अक्षराचा शिक्का बसू लागला. ९ आणि १० नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीभर ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनागृहं फोडली गेली, जाळली गेली. देश सोडायची मोकळीक होती, पण खिशात १० मार्क घेऊन. आणि जायचं कुठे? व्हिसा न मागणारं एक शहर उरलं होतं, शांघाय. १९३८ ते १९४१ या काळात सुमारे सतरा-अठरा हजार ज्यू तिथे पोहोचले. त्यातले कितीतरी 'कोंते व्हेर्दे', 'कोंते बियांकामानो' यांसारख्या इटालियन बोटींनी गेले. या बोटी सुएझ ओलांडून मुंबईला थांबत आणि पुढे सिंगापूर, हाँगकाँग करत शांघाय गाठत. म्हणजे 'रणांगण'मधली बोट हवेतली नाही. अशा बोटी मुंबई बंदराला खरोखरच लागत होत्या.

मी कोड लिहून पोट भरते. कोडमध्ये काही अटी सगळ्यात आधी तपासल्या जातात. ती अट पूर्ण झाली नाही तर पुढच्या ओळी कितीही चांगल्या लिहिलेल्या असोत, त्या चालतच नाहीत. पासपोर्टवरचं ते अक्षर म्हणजे अशी पहिली अट. हॅर्टा हुशार आहे, प्रेमळ आहे, कष्टाळू आहे, हे सगळं त्या अटीच्या खालच्या ओळींवर आहे. तिथपर्यंत कुणी येतच नाही. युद्ध सुरू व्हायच्या आधीच तिचा निकाल लागलेला आहे, आणि तो लावायला बंदूक लागलेली नाही.

हे मला पुस्तकातून कळलं त्याच्या आधी थोडंफार आजूबाजूला बघून कळलं होतं. मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठची. आमच्याकडे सीमा फार मवाळ आहे. तालुका संपतो तिथे गुजरात सुरू होतो, पाटीवरचं अक्षर बदलतं, पण कोकणा बोली दोन्हीकडे तीच आणि सोयरिकी दोन्हीकडे. १९६०मध्ये नकाशावर आलेली रेघ ओलांडताना कुणी तुमच्याकडे कागद मागत नाही. कागद मागितला जातो तो घरातच, जमिनीसाठी. पिढ्यान्‌पिढ्या जंगलातली जमीन कसणाऱ्या माणसाला वनहक्क कायद्याखाली सिद्ध करावं लागतं की १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून ती जमीन त्याच्या ताब्यात आहे. माणूस समोर उभा आहे, त्याच्या आज्याने लावलेलं आंब्याचं झाड समोर उभं आहे, पण पुरावा काय? मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या हजारो आदिवासी शेतकऱ्यांची एक मोठी मागणी हीच होती. तळपायांची सोललेली कातडी तेव्हा सगळ्या देशाने फोनवर पाहिली.

हॅर्टाचं आणि आमच्या तालुक्यातल्या माणसांचं दुःख एकच आहे असं मी म्हणणार नाही. तिला मारायला निघालेलं राज्य होतं. पण माणसापेक्षा त्याचा कागद जास्त खरा ठरतो, ही गोष्ट पेठमधल्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. 'रणांगण' मला परदेशातली गोष्ट वाटली नाही ती यामुळे.

बोटीचं वेळापत्रक

आता रचनेकडे येऊ. बोट हे कादंबरीकाराला आवडणारं ठिकाण. माणसं एकत्र कोंडली जातात, एरवी एकमेकांना न भेटणारी माणसं रोज भेटतात आणि बाहेरचं जग काही दिवस बंद असतं. अमेरिकन लेखिका कॅथरीन अॅन पोर्टर यांची 'शिप ऑफ फूल्स' ही याच युक्तीवर उभी असलेली गाजलेली कादंबरी. तीही जर्मन माणसांनी भरलेल्या बोटीची आणि येऊ घातलेल्या नाझी काळाची. ती आली १९६२मध्ये. बेडेकर तिच्या तेवीस वर्षं आधी तिथे पोहोचले होते.

बोटीचा बेडेकरांनी केलेला खास उपयोग म्हणजे वेळापत्रक. बोटीवर सगळ्यांना वेळ सारखाच मिळतो, जेवणाची घंटा सगळ्यांना एकच, समुद्र एकच. त्यामुळे आपण सगळे एकाच प्रवासात आहोत असा भास होतो. पण चक्रधरच्या प्रवासाला मुंबई नावाचा शेवट आहे आणि हॅर्टाच्या प्रवासाला नाही. तिच्यासाठी प्रत्येक बंदर म्हणजे जिथे उतरता येत नाही अशी आणखी एक जागा. दोघं डेकवर शेजारी उभे राहून त्याच समुद्राकडे बघतात तेव्हा तो दिवस मोजत असतो आणि ती दिवस धरून ठेवत असते. प्रेमकथा म्हणून वाचताना आपण या दहा दिवसांच्या उत्कटतेवर भाळतो. युद्धकादंबरी म्हणून वाचताना दिसतं की ही उत्कटता दोघांना सारख्या भावात पडलेली नाही. एकाने सुट्टीतला वेळ लावलाय, दुसरीने उरलेलं सगळं आयुष्य.

इथे आणखी एक पदर आहे, आणि तो माझ्या मते या पुस्तकातला सगळ्यात राजकीय पदर आहे. चक्रधर स्वतः गुलाम देशातला आहे. त्याचा पासपोर्ट ब्रिटिशांनी दिलेला, त्याच्या देशावर राज्य दुसऱ्याचं. युरोपात त्याचा रंग त्याच्या आधी पोहोचतो. गोऱ्यांच्या जगात तो खालचा आहे, आणि ज्या गोऱ्या मुलीच्या तो प्रेमात पडतो ती आता त्याच्याहूनही खाली ढकललेली आहे. १९३९च्या मराठी वाचकाला 'देश स्वतंत्र नाही' हे दुःख रोजचं होतं. बेडेकर त्याच्यासमोर दुसरं दुःख ठेवतात, 'देशच नाही' हे. गुलाम का असेना, चक्रधरला परत जायला घर आहे, मुंबईच्या धक्क्यावर उतरून गर्दीत मिसळून जाता येतं. आपणही कुणापेक्षा तरी सुरक्षित आहोत हे कळणं अवघड असतं, कारण मग जबाबदारी येते. चक्रधरला ती नको आहे.

नावात काय आहे

चक्रधर विध्वंस हे नाव बेडेकरांनी सहज ठेवलं असेल यावर माझा विश्वास नाही. विध्वंस हे आपल्याकडचं खरं आडनाव आहे, पण रणांगण नावाच्या पुस्तकात ते नुसतं आडनाव राहत नाही. आणि चक्रधर म्हणजे कृष्ण, रणांगणावर हजर असूनही लढणार नाही असं ठरवलेला.

महाभारतातली ती अट आपल्याला माहीत आहे, मी शस्त्र हातात धरणार नाही. पण त्याच महाभारतात असाही क्षण येतो की भीष्मांच्या बाणांपुढे अर्जुनाचं काही चालेना, तेव्हा कृष्ण रथातून उडी मारतो आणि चक्र घेऊन धावतो. स्वतःची प्रतिज्ञा मोडतो. आपल्या माणसावर वेळ आली की तटस्थ राहण्याला काही अर्थ उरत नाही, एवढं त्या देवालाही कळतं.

बेडेकरांचा चक्रधर तोही बाजूला उभा राहायचं ठरवून बोटीवर चढलेला आहे. बायकांशी गुंतायचं नाही ही त्याची प्रतिज्ञा. ती मोडते, तो गुंततो. पण चक्र घेऊन धावायचा क्षण येतो तेव्हा तो धक्क्यावर उतरतो. कादंबरीचं रणांगण मला इथे दिसतं, बोट आणि धक्का यांच्या मधल्या त्या काही पावलांच्या लाकडी फळीवर. हिटलर तिथे नाही. तिथे एक बरा, शिकलेला, हळवा तरुण आहे आणि त्याच्याकडे न उतरण्याची, किंवा तिला घेऊन उतरण्याची धडपड करण्याची, निदान शक्यता आहे.

मुंबईचं दार किती बंद होतं?

'तो बिचारा काय करणार होता?' हा चक्रधरचा नेहमीचा बचाव. परिस्थितीच अशी होती, कायदा असा होता, काळ असा होता. बचाव तपासून बघण्यासारखा आहे, कारण मुंबईचा इतिहास त्याला पूर्ण साथ देत नाही.

मुंबई आणि कोकण ही शतकानुशतकं मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंची भूमी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं आणि आपल्यात ठेवलं. म्हणजे हॅर्टाची बोट ज्या शहराला लागली तिथे तिच्या धर्माची माणसं मराठीत भांडत होती, मराठीत गात होती. युरोपातून पळून आलेलेही काही जण इथे टिकले. वॉल्टर कॉफमन १९३४मध्ये मुंबईत आले आणि आकाशवाणीत काम करू लागले. आकाशवाणीची सकाळची ती ओळखीची धून त्यांनीच बांधली असं मानलं जातं. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर 'टाइम्स ऑफ इंडिया'त आले आणि त्यांच्या घरी रझा, आरा असे तरुण चित्रकार जमू लागले. शहरातली ज्यू मदत संस्था निर्वासितांसाठी हमी देत होती. दार किलकिलं होतं. ओळख, नोकरी, हमी असलेला माणूस त्यातून आत येऊ शकत होता.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध सुरू झालं आणि हिंदुस्थानातल्या जर्मन नागरिकांना इंग्रज सरकारने 'शत्रू' म्हणून पकडलं. त्यात हिटलरपासून पळून आलेले ज्यूही होते. त्यांना अहमदनगरच्या छावणीत ठेवलं गेलं, बऱ्याच जणांची सुटका पुढे चौकशी होऊन झाली. हॅर्टा मुंबईत उतरली असती तरी काही महिन्यांत तिच्यावर पुन्हा कागदाचंच संकट आलं असतं. चक्रधरने हात धरला असता म्हणजे ती वाचलीच असती, असं कुणी म्हणू शकत नाही.

पण कादंबरी तो वाचवू शकला असता का असं विचारतच नाही. तिचा प्रश्न आहे, त्याने काय करून पाहिलं? आणि याचं उत्तर चक्रधरच्या स्वतःच्या निवेदनातच आहे. तो पानंच्या पानं स्वतःच्या मनाबद्दल बोलतो. बाई म्हणजे काय, प्रेम म्हणजे काय, आपण कसे फसलो, आपण कसे बदललो. तिच्यासाठी काय धडपड केली याबद्दल त्याच्याकडे सांगण्यासारखं फार थोडं आहे.

पुढे याच महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळ वळिवडे इथे, १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहून गेले. त्यांच्यामागे सरकारं होती, करार होते, हॅर्टामागे कुणी नव्हतं. पण युद्धात होरपळलेल्या परक्या माणसांना जागा करून देता येते, ही कल्पना या मातीला अगदी अनोळखी नव्हती, एवढं त्यावरून दिसतं.

तिचा आवाज कुठे आहे?

मुलगी म्हणून हे पुस्तक वाचताना मला सतत एक गोष्ट खटकत राहिली. हॅर्टा आपल्याला भेटते ती चक्रधरच्या नजरेतून. तिचं दिसणं, हसणं, रडणं सगळं त्याने निवडून सांगितलेलं. आणि त्याची नजर काही स्वच्छ नाही. उमाने त्याला नाकारलं, म्हणून सगळ्या बायका वाईट, हा निष्कर्ष आजच्या कुठल्याही ग्रुपवर टाकला तर पाच मिनिटांत 'रेड फ्लॅग'चे इमोजी येतील. ते योग्यही आहेत. एका मुलीने केलेला नकार आणि एका राज्याने केलेली हकालपट्टी अशी दोन दुःखं बोटीवर शेजारी बसलेली आहेत, आणि पहिल्या दुःखाचा मालक स्वतःला दुसरीच्या बरोबरीचा जखमी समजतो.

पण इथेच बेडेकरांची रचना कामाला येते. हॅर्टाचा आवाज थेट ऐकू येतो तो पत्रांतून, आणि पत्रं येतात ती बोट पुढे गेल्यावर. म्हणजे तिला बोलायला मिळतं तेव्हा तिला उत्तर देणं निरर्थक झालेलं असतं. आम्ही लोक मेसेज पोहोचायला किती मिलिसेकंद लागले यावर मीटिंगा घेतो. इथे पत्र लिहिणारी पुढच्या बंदराकडे सरकतेय, वाचणारा मागच्या बंदरात उभा आहे आणि दोघांमधलं पाणी रोज वाढतंय. ती पत्रं वाचताना आधीच्या सगळ्या पानांचा हिशोब बदलतो. चक्रधरने जिला जवळजवळ एक अनुभव म्हणून सांगितलं ती एक माणूस होती, स्वतःच्या भाषेत विचार करणारी. पुस्तकाचा तोल त्या पत्रांनी त्याच्या हातून काढून घेतला आहे.

तरी माझी एक तक्रार उरतेच. हॅर्टाचा मृत्यू. त्या काळच्या कादंब-यांमध्ये नायकासमोर कठीण निवड आली की नायिका मरून ती सोपी करून देते. 'रणांगण'ही तिथे थोडं घसरतं असं मला वाटतं. शांघायला पोहोचलेल्या हजारो निर्वासितांनी तिथे बेकऱ्या काढल्या, शाळा काढल्या, हाँगक्यूच्या कोंदट खोल्यांत संसार केले आणि त्यातले बहुतेक युद्धानंतर जिवंत होते. जिवंत हॅर्टा, शांघायमध्ये पाव विकणारी, वर्षाकाठी एक पत्र पाठवणारी, चक्रधरला जास्त जड गेली असती. मेलेल्या माणसासाठी रडता येतं. जिवंत माणसाला उत्तर द्यावं लागतं.

बेडेकरांच्या बाजूनेही बोलायला हवं. तिच्या मृत्यूने चक्रधर सुटला असता तर त्याला हे सगळं सांगत बसायची गरजच पडली नसती. तो सांगतोय याचा अर्थ सुटलेला नाही. अनेक वर्षांनी बेडेकरांनी आत्मचरित्र लिहिलं, त्याला १९८५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याचं नाव 'एक झाड आणि दोन पक्षी'. एकाच झाडावरचे दोन पक्षी, एक फळ खातो आणि दुसरा नुसता बघतो, हे उपनिषदातलं चित्र आहे. ही आपली एकमेव कादंबरी लिहितानाच बेडेकरांना हे दोन पक्षी सापडलेले असावेत. बोटीवरचा चक्रधर फळ खातो. निवेदन करणारा चक्रधर त्याच्याकडे बघतो, आणि त्या बघण्यात माफी नाही. प्रेमकथा म्हणून वाचणारे पहिल्या पक्ष्याबरोबर राहतात. दुसऱ्याबरोबर राहिलं तर पुस्तक कबुलीजबाबासारखं वाचता येतं.

त्याच वर्षी, दुसरीकडे

१९३९मध्येच इंग्लंडमध्ये उलरिख अलेक्झांडर बॉश्विट्झ या चोवीस वर्षांच्या जर्मन ज्यू मुलाची एक कादंबरी इंग्रजीत छापली गेली. नोव्हेंबर १९३८च्या त्या रात्रीनंतर एक ज्यू व्यापारी पकडलं जाऊ नये म्हणून जर्मनीतल्या जर्मनीत एका रेल्वेतून दुसऱ्या रेल्वेत फिरत राहतो, अशी तिची गोष्ट. पुस्तक विसरलं गेलं. मूळ जर्मनमध्ये ते २०१८ साली पहिल्यांदा छापलं गेलं आणि मग जगभर पोहोचलं. बॉश्विट्झला इंग्रजांनी शत्रू नागरिक म्हणून ऑस्ट्रेलियाला पाठवलं होतं. १९४२मध्ये परत येताना त्याची बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. तो २७ वर्षांचा होता.

हे वाचलं तेव्हा मला दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवाविशी वाटली. एकात रेल्वे, एकात बोट. दोन्हींत कुठेच उतरता न येणारं माणूस. एकमेकांची भाषाही न कळणाऱ्या दोन लेखकांनी त्याच सुमाराला ओळखलं होतं की या युद्धाचं खरं मैदान प्रवासात आहे. फरक एवढाच की बॉश्विट्झ आतून लिहीत होता आणि बेडेकर शेजारून. आतून लिहिणाऱ्याला भीती लिहावी लागते. शेजारून लिहिणाऱ्याला आपण काय केलं हे लिहावं लागतं. मराठी साहित्यात या युद्धाबद्दल आपल्याकडे जे शेजारून लिहिलेलं आहे त्यात मला 'रणांगण' सगळ्यात प्रामाणिक वाटतं, त्यातल्या दोषांसकट.

आज आपण सगळेच शेजारी आहोत. बोटी अजून चालू आहेत, भूमध्य समुद्रात, अंदमानच्या समुद्रात, रोहिंग्यांच्या, सीरियन माणसांच्या. आपण त्या अंगठ्याने वर सरकवतो. आपल्या डोळ्यांत पाणीही येतं, त्यात खोटं काही नसतं. चक्रधरच्याही डोळ्यांत आलं होतं.

म्हणून 'रणांगण' दुसऱ्यांदा वाचणार असाल तर पेन्सिल घेऊन वाचा. चक्रधर जिथे जिथे हॅर्टाबद्दल काय वाटलं ते सांगतो तिथे एक खूण करा आणि जिथे तिच्यासाठी काही केलं ते सांगतो तिथे दुसरी. शेवटी दोन्ही खुणा मोजा. मी मोजल्या आहेत. आकडा मुद्दाम सांगत नाही.